घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? जुन्या डेस्कटॉपबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटी एका ओळीत लिहिलं होतं की घरचा डेस्कटॉप जुना झाला असेल आणि त्यात काही बदलायचं मनात असेल तर विचारा. ती ओळ लिहिली नसती तर बरं झालं असतं असं आता वाटतंय, इनबॉक्स बघवत नाही. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचं काय घ्यायचं ते आधीच ठरलेलं आहे, माझ्याकडून फक्त "हो, घ्या" एवढंच हवंय. ते मी इतक्या सहज म्हणणार नाही. पीसीत मोठे भाग पाच-सहाच असतात, त्यातला एखादाच बाकीच्यांना खोळंबून ठेवत असतो आणि तो सोडून दुसरं काहीही बदललं तरी फरक शून्य. थोडे प्रश्न निवडलेत, लांबलचक होते ते छाटलेत.

प्रश्न : सर, माझा पीसी २०१४ चा आहे. आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. चालू केल्यावर वापरण्यासारखा व्हायला पाच-सात मिनिटं जातात, ब्राउझर उघडायला क्लिक करून मी दुसरं काम करून येते. धाकटा भाऊ म्हणतो ग्राफिक्स कार्ड टाक, उडेल. टाकू का?

उत्तर : भावाचं मनावर घेऊ नका. विंडोज सुरू व्हायला लागणारा वेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांचा काडीचाही संबंध नाही. आधी एवढं करा, पीसी चालू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सच्या टॅबवर जा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. माझी पैज आहे, प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर आरामात लोळत असेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसलेली असेल. म्हणजे घोडं तिथे पेंड खातंय.

असं का होतं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, वर हेड सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. हिशोब केला तर इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फायली सेकंदाला जेमतेम ७०-८० वेळा वाचता येतात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली मागते. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, तीच वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून तुमच्या बारा वर्षांच्या पीसीला साधी २.५ इंची साटा (म्हणजे हार्डडिस्कच्याच प्रकारच्या केबलने जोडायची) एसएसडी लावली की तो वेगळाच वाटायला लागतो, यात मी काही जाहिरात करत नाहीये.

आता बारकावे. एच८१ बोर्डावर साटाचे दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात आणि दोन ३ गिगाबिटचे, रंग वेगळा असतो किंवा शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एसएसडी ६ वाल्यात लावा, तिथे ती सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास जाते, ३ वाल्यात त्याच्या निम्मी. अर्थात चुकून हळू पोर्टात लागली तरी रडू नका, रोजच्या वापरात जाणवतो तो फायदा फायली पटकन सापडण्याचा, तो तिथेही तेवढाच मिळतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, साटा मोड एएचसीआय आहे का बघा. आयडीई असेल तर नवीन विंडोज टाकायच्या आधी बदला, आधीच टाकलेल्या विंडोजवर तो मोड तसाच फिरवला तर निळा स्क्रीन येऊ शकतो. आणि कोणी म्हणालं की एनव्हीएमई (बोर्डावरच्या स्लॉटात थेट बसणारी एसएसडी) घ्या, ती सहापट फास्ट, तर त्यांना सांगा की या बोर्डावर तो स्लॉटच नाही, अडॅप्टर कार्ड लावून डेटासाठी चालेल पण तिच्यावरून बूट करायला या पिढीचे बहुतेक बोर्ड बायोसमध्येच नकार देतात.

जुनी हार्डडिस्क फेकू नका, फोटो-व्हिडिओसाठी दुसरी डिस्क म्हणून राहू द्या. पण तिचं वय बघता क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून तब्येत तपासा, "रिअलोकेटेड" किंवा "पेंडिंग" सेक्टरच्या (म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांच्या) ओळीत शून्याऐवजी आकडा असेल आणि तो आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर तिच्यावर एकुलती एक कॉपी असं काही ठेवू नका. एसएसडी लवकर झिजते म्हणून घाबरणाऱ्यांसाठी, चांगल्या ५०० जीबीच्या साटा एसएसडीवर कंपन्या साधारण ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी देतात. रोज ३० जीबी लिहिलंत, जे घरी कोणीच लिहीत नाही, तरी सत्तावीस वर्षं होतात. त्याआधी तुम्हीच कंटाळाल.

प्रश्न : काका, ४ जीबीची रॅम होती म्हणून ८ जीबीची स्टिक आणली, पण ती स्लॉटमध्ये बसतच नाहीये. जोर लावू का?

उत्तर : अजिबात नको!! हात मागे घे. तू डीडीआर४ आणली आहेस आणि तुझा बोर्ड डीडीआर३ चा आहे, खालची खाच वेगळ्या जागी असते ती मुद्दाम, चुकीची बसूच नये म्हणून. डीडीआर३ ला २४० पिन आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिन आणि १.२ व्होल्ट. डीडीआर५ लाही २८८ च पिन आहेत पण खाच पुन्हा सरकवलेली, त्यामुळे पिना मोजून काही कळणार नाही. सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाक आणि मेमरीच्या टॅबमध्ये बघ काय लिहिलंय, मग परत जाऊन बदलून आण.

आणखी एक, शक्य असेल तर एक मोठी स्टिक घेण्यापेक्षा सारख्या दोन घे आणि बोर्डाच्या पुस्तकात सांगितलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये लाव, ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वाचल्या जातात, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते चांगलंच जाणवतं कारण प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स त्याच रॅममधून खातं. आणि रॅम लावल्यावर "८ जीबी इन्स्टॉल्ड, ३.२ यूजेबल" असलं काही दिसलं तर रॅम खराब नाही, तुझं विंडोज ३२ बिटचं आहे, त्याला ४ जीबीच्या पलीकडचं दिसतच नाही. हा प्रश्न आणखी तिघांनी विचारलाय, त्यांनाही हेच उत्तर. ६४ बिटचं विंडोज नव्याने टाकावं लागेल, वरच्या वर बदलता येत नाही.

प्रश्न : दादा, आय७-४७७० आहे, १६ जीबी रॅम, एसएसडी पण टाकली. मित्राकडून वापरलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं. डेस्कटॉपवर सगळं नीट चालतं पण गेम सुरू केला की दोन-तीन मिनिटांत पीसी धाडकन रिस्टार्ट. मित्र म्हणतो कार्ड त्याच्याकडे मस्त चालत होतं. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा आहे, पुरायला हवा ना? की प्रोसेसर जुना आहे म्हणून?

उत्तर : मित्र खोटं बोलत नाहीये आणि प्रोसेसरचा पण यात दोष नाही. कॅबिनेटचं झाकण काढ आणि एसएमपीएसच्या कडेला चिकटवलेला तक्ता वाच, वरचा मोठा ४५० चा आकडा नको वाचूस, +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाच. तू पाठवलेल्या फोटोत मला १८ दिसतायत. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. बस्स, एवढीच खरी ताकद. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवून ४५० ची बेरीज जुळवलेली असते, आणि आजच्या पीसीत त्या लाइनींना फारसं कोणी विचारत नाही. आता खर्चाची बाजू बघ. ३०६० एकटं १७० वॅट मागतं, प्रोसेसर ८४ चा, इथेच २५४ झाले, अजून बोर्ड, पंखे, डिस्क धरलेच नाहीत. त्यात ग्राफिक्स कार्ड काही क्षणांसाठी ठरलेल्या आकड्याच्या वर उसळी मारतं. तेव्हा एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडतो, तुला ते रिस्टार्ट म्हणून दिसतं. खरं तर तो बंद पडतोय हे तुझं नशीब म्हण, हलके एसएमपीएस कधीकधी बंद पडत नाहीत, जळतात, आणि जाताना शेजारच्यांना घेऊन जातात. माझा एक असाच गेला होता बोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन, कुठल्या कंपनीचा ते सोडा, पण हातात घेतल्यावर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला होता आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एनव्हीडियाने ३०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगितलाय, तेवढा चांगल्या नावाचा घे, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर असेल असा, त्यात पुढचा पीसीही चालून जाईल. मी तर म्हणेन या सगळ्या भागांमध्ये पुढच्या पीसीत सोबत नेता येण्यासारखे हे दोनच, एसएमपीएस आणि एसएसडी, म्हणून यांच्यात कंजूसपणा करू नका. आणि ते जुन्या पांढऱ्या चार पिनच्या प्लगवरून ८ पिन बनवणारे अडॅप्टर लावलेलं फोटोत दिसतंय मला, ते आजच काढ. ८ पिनचा कनेक्टर १५० वॅट द्यायला बनवलेला आहे, त्या बारीक वायरी त्यासाठी नाहीत, वितळतात.

हो, आणि नवीन मॉड्युलर (केबली काढता-लावता येणारा) एसएमपीएस घेतलास तर त्याच्या डब्यातल्याच केबली वापर, जुन्याच्या केबली त्याच सॉकेटात बसतात म्हणून लावू नकोस. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनेत किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क तिथल्या तिथे संपते.

प्रोसेसर अडवतोय का हे बघायची सोपी युक्ती आहे. गेमचं रिझोल्युशन एकदम खाली आण, १०८० वरून ७२० कर. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढले तर आधी ग्राफिक्स कार्ड अडत होतं, जिथल्या तिथे राहिले तर प्रोसेसर. तुझा आय७ चार कोअर आठ थ्रेडचा आहे, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळतो, जुन्या गेम्सना पुरेल, नव्या मोठ्या गेम्समध्ये मधेच झटके बसतील, ते चालवून घे सध्या. (मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहेस ना, बोर्डाला नाही? हसू नकोस, दर महिन्याला एक जण तरी असा निघतोच.)

याच धर्तीवर ज्यांना एसएमपीएस न बदलता छोटं कार्ड हवंय त्यांनी स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटच्या आत राहणारं बघावं, जीटीएक्स १६५० ची बहुतेक मॉडेल्स किंवा ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, यांना वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र जुन्या बोर्डात टाळा, ते डेटा न्यायला स्लॉटच्या चारच लेन (वाटा) वापरतं, स्लॉट पीसीआयई ४ चा असेल तर ठीक, पण ३ वर आणि त्याहून २ वर त्याचा घसा आवळला जातो.

प्रश्न : आय५-४५७० काढून त्या जागी चौदाव्या जनरेशनचा आय५ टाकता येईल का? नाव तर तेच आहे.

उत्तर : नाव तेच, बूड वेगळं. तुमचं सॉकेट एलजीए ११५०, चौदाव्याचं १७००, आकडे म्हणजे खालच्या संपर्कबिंदूंची संख्या, बसणारच नाही. मध्ये ११५१ आलं, मग १२००. त्यातही ११५१ ची एक खोडी आहे, सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी दोन्ही ११५१ च, प्रोसेसर बसतो पण चालत नाही, बोर्ड वेगळा लागतो. त्यामुळे तुमच्याकडे प्रोसेसर बदलणं म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असा तिघांचा संच बदलणं, एकटा प्रोसेसर असा प्रकारच नाही. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ चेही मिळतात आणि डीडीआर५ चेही, डीडीआर३ मात्र कुठेच चालत नाही.

त्याच सॉकेटात आय७-४७७० टाकता येतो, वापरलेला मिळतो, चार थ्रेडचे आठ होतात. पण मला विचाराल तर त्यात जीव अडकवू नका, फार तर वर्ष-दोन वर्षांची सोय. २०२२ च्या आय३-१२१०० मध्येही चारच कोअर आहेत पण तो त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. घेताना मॉडेलच्या शेवटी एफ हे अक्षर असेल तर आत ग्राफिक्स नसतं हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर काळा स्क्रीन बघत बसाल.

प्रश्न : माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर आणि बी४५० बोर्ड आहे. विंडोज ११ नाही म्हणतंय. मलाही वरच्यासारखं सगळंच बदलावं लागेल?

उत्तर : तुमची मात्र चैन आहे हो. एएम४ सॉकेट एएमडीने बरीच वर्षं टिकवलं, २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत. तुमच्या त्याच बोर्डात, त्याच रॅमवर रायझन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स बसतो, दोघेही ६५ वॅटचे त्यामुळे एसएमपीएसला घाम फुटत नाही. विंडोज ११ ला रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर लागतात म्हणून तुमचा १६०० थोडक्यात हुकला, नवीन टाकल्यावर तीही अडचण गेली, फक्त बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधला किल्ल्या जपणारा भाग) आणि सिक्युअर बूट चालू करा. एकच बघा, ५६०० च्या आत ग्राफिक्स नाही, तुमच्या आत्ताच्यातही नाही, म्हणजे कार्ड असणारच तुमच्याकडे.

पण क्रम चुकवू नका. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करून घ्या, कुठल्या व्हर्जनपासून नवा प्रोसेसर चालतो ते तिथे यादीत असतं. आधी प्रोसेसर बदललात तर बोर्ड त्याला ओळखणार नाही, आणि ओळखत नाही म्हणून अपडेटही करता येणार नाही, मग जुना परत लावा. दुसरं, आणि हे लोक हमखास विसरतात, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या किंवा काम होईपर्यंत ते थांबवून ठेवा. एफटीपीएम प्रोसेसरसोबत जातो, नवा प्रोसेसर लावला की विंडोज ती की मागतं, आणि नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडत नाही. एका वाचकाचं असं झालं, मी काहीही करू शकलो नाही.

कूलर काढायच्या आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि कूलर आधी डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर दोघांमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या, पण आता वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटातून उपटून येतो, पिना वाकतात. नवीन पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरते.

प्रश्न : काका, आई-बाबांसाठी २०१३ चा पीसी आहे, एसएसडी टाकली, मस्त चालतोय, पण विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणे. ते फक्त व्हिडिओ कॉल, बातम्या आणि मेल बघतात. फेकायचा का?

उत्तर : कशाला फेकतेस. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला हे खरं, म्हणजे पीसी बंद पडत नाही पण सुरक्षेच्या नव्या भोकांना ठिगळं मिळत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव योजनेत नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. किंवा लिनक्स मिंट टाक, दिसायला विंडोजसारखंच आहे, फुकट आहे, इनस्क्रिप्टने मराठी टाइप होतं. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघ, डिस्कला हात न लावता, कॅमेरा आणि माइक चालतोय ना तेवढं तपास. विंडोज ११ जुगाड करून टाकता येतं पण आई-बाबांच्या पीसीवर मी तरी करणार नाही, पुढचं एखादं अपडेट अडलं की फोन तुलाच येणार.

प्रश्न : रोज चालू केल्यावर तारीख काहीतरी जुनीच दिसते आणि बँकेची, मेलची कुठलीच साइट उघडत नाही. मदरबोर्ड गेला का? नवीन पीसी घ्यायच्या तयारीत आहे.

उत्तर : थांबा थांबा. बोर्डावर रुपयाएवढी चपटी गोल बॅटरी असते, सीआर२०३२, तीन व्होल्टची, ती संपली आहे. पीसी बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला खोटं वाटतं म्हणून काही उघडत नाही. वायर काढा, बॅटरी बदला, लिहिलेली बाजू वर. मग बायोसमध्ये जाऊन तारीख लावा आणि साटाचा मोड पूर्वीचाच आहे ना तेही बघा, कारण बॅटरी गेली की बायोसच्या सेटिंग्जही पुसल्या जातात. झाकण उघडलंच आहे तर पंख्यावरची धूळ पण ब्रशने काढा, पातं बोटाने धरून.